नागीण ओळखायची कशी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आज्जीच्या कमरेवर एका अंगाला फोडांची ओळ उठली. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'नागीण'. समोरच्या कन्नड मावशी म्हणाल्या, 'सर्पसुत्तु'. दोन्ही भाषांत साप एकच आणि भीतीही एकच : वेढा पूर्ण झाला की माणूस संपला! काकूंनी गेरू उगाळायला घेतला. डॉक्टरांनी मात्र काचपट्टी काढली. त्या काचपट्टीचीच ही हकिकत. मी पडलो वाणिज्य शाखेचा. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

नागिणीचा विषाणू म्हणजे कांजिण्यांचाच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो व पुढे कधीतरी एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून फोड एकाच अंगाला उठतात, वेढा सहसा पुरा होत नाही. ओठाच्या कडेला पुन्हा पुन्हा फोड आणणारा साधा हर्पिस विषाणू हा त्याचा भाऊबंद. क्वचित तोही ओळीने फोड आणून नागिणीचे सोंग घेतो. दोघांना औषध तेच, पण नागिणीला मात्रा बरीच मोठी लागते.

डॉक्टरांनी ताजा फोड उघडून त्याचा तळ हलकेच खरवडला. (खपली धरलेला फोड कामाचा नाही.) तो अंश काचेवर पसरून, वाळवून, गिम्सा रंगाने रंगवला. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी दिसल्या. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ त्सांक यांनी १९४७ साली मांडलेली ही परीक्षा स्वस्त आणि झटपट. पण तिने कुळ कळते, नाव कळत नाही. आणि पेशी दिसल्या नाहीत म्हणून रोग नाही, असेही म्हणता येत नाही.

नाव कळायला पूर्वी जिवंत पेशींवर विषाणू वाढवून पाहत. साधा हर्पिस काही दिवसांत वाढतो, नागिणीचा मात्र हट्टी. आता पीसीआर आहे. कॅरी मुलिस यांना ही युक्ती १९८३ साली सुचली. विषाणूच्या डीएनएचा ठराविक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो. चक्रवाढ व्याजच म्हणा, दर शेकडा शंभर! तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. मग चिमूटभर नमुनाही पुरतो, आणि दोघांतला कोण तेही कळते.

परंतु नागिणीचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेले बरे. म्हणून डॉक्टरांनी नमुना पीसीआरसाठी पाठवला आणि काचपट्टीच्या भरवशावर त्याच संध्याकाळी गोळ्या दिल्या. निकाल नंतर आला : नागीणच. तोवर फोड सुकू लागले होते. काकूंच्या मते तो गुण गेरूचा.