घरचा फाइल सर्व्हर रेंगाळतोय? आकड्यावरून दोष ओळखा

(वेग मेगाबाइट प्रतिसेकंदात, वायफाय बंद करून केबलवर मोजा.)

● ११-१२ : जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर अडकली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. आधी केबल बदला, मग स्विच आणि राउटरचे पोर्ट तपासा.

● ३५-४० : डिस्क बहुधा यूएसबी २.० पोर्टला लावलेली आहे.

● आधी वेगवान, मग घसरण : फाइल आधी रॅममध्ये साठते; तिथली जागा भरली, की डिस्कचा खरा वेग दिसतो.

● हजारो लहान फायली : प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जातो. एकत्र झिप करून पाठवा.

● ११०च्या आसपास : सगळे ठीक आहे. गिगाबिटची सैद्धांतिक मर्यादाच १२५ आहे.

दोष नेटवर्कचा की डिस्कचा, हे कळत नसेल तर 'आयपर्फ३' चालवा. ते डिस्कला वगळून फक्त नेटवर्क मोजते. नवी डिस्क त्यानंतरच विकत घ्या.