वापर मोजला, खात्रीचे काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ६६.७ टक्के कुटुंबनियोजनाची कोणती ना कोणती पद्धत वापरत असल्याचे दिसले. त्यात स्त्रीनसबंदी ३७.९ टक्के, तर पुरुषनसबंदी अवघी ०.३ टक्के. नसबंदी एकदाच करावी लागते. पण ज्या विशीतल्या मुलीला दोन मुलांत अंतर हवे आहे, तिला साधन मिळवणे, नवऱ्याशी बोलणे, घरच्यांना सांगणे किंवा न सांगणे हे सारे पुन्हापुन्हा करावे लागते. हे आपल्याला जमेल याची तिला कितपत खात्री वाटते, ते वापराच्या टक्केवारीतून कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या खात्रीची संकल्पना मांडली. स्वभावातला धीटपणा वेगळा. ठरावीक काम ठरावीक अडचणीतही मी करू शकेन, हा विश्वास वेगळा. त्याच धाग्यावर रूथ लेव्हिन्सन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील किशोरवयीन मुलींसाठी गर्भनिरोधनापुरती मोजपट्टी मांडली. तिचे नुसते भाषांतर करून गडचिरोली-चंद्रपुरात भागणार नाही, असे मला वाटते.

पहिली गोष्ट भाषेची. भामरागडात प्रश्न माडियात विचारावा लागेल, जिवतीच्या डोंगरात गोंडी किंवा कोलामीत. ‘एक ते पाचपैकी किती?’ यापेक्षा पाच खडे समोर ठेवून ‘जितकी खात्री तितके उचल’ म्हणणे सोपे. दुसरी गोष्ट अडचणींची. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. ती तारीख ऐन पावसाळ्यात आली आणि पर्लकोटेला पूर असला तर? नवरा नको म्हणाला तर? पाळी अनियमित झाली तर? प्रश्न असे हवेत.

प्रश्न नीट आणि विश्वासाने विचारला तर काय हाती लागते, हे याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आजार होतेच, विचारणारे कोणी नव्हते. खात्रीचेही तसेच असू शकते. मात्र सासू शेजारी बसलेली असताना सून जे उत्तर देईल, ते सासूचे उत्तर असेल. म्हणून एकांत हवा.

उचललेले खडे कमी भरले, तर दोष मुलीचा मानण्याची घाई नको. पुरामुळे दवाखाना गाठता येत नसेल, तर तिला धीर देणारे शिबिर घेऊन काय उपयोग? तिथे इंजेक्शनच पाड्यावर पोचायला हवे. नवऱ्याशी बोलता येत नसेल, तर आधी नवऱ्याशी कोणीतरी बोलायला हवे. प्रत्येक अडचणीचे खडे वेगळे मोजले, तरच हे दिसेल.

आणि एक प्रश्न मोजपट्टीत असायलाच हवा: हे साधन मला नको, किंवा आता थांबवायचे आहे, असे नर्सताईंना सांगता येईल का? ज्या मुलीला ‘नको’ म्हणता येत नाही, तिच्या नावापुढची वापराची खूण ही तिच्या खात्रीची खूण मानता येत नाही.