विद्युत् मस्तिष्कालेखन व अपस्मारनिदान

मेंदूतील तंत्रिका कोशिकांच्या विद्युत् क्रियेच्या आलेखनास विद्युत् मस्तिष्कालेखन किंवा ई.ई.जी. म्हणतात. अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) निदानास ते साहाय्यभूत होते.

रत्नागिरी येथील मनोरुग्णालय १८८६ मध्ये स्थापन झाले. त्या काळी अपस्माराची गणना वेडाच्या कारणांत केली जाई. हान्स बेर्गर या जर्मन मानसोपचारतज्ञांनी मानवी मेंदूच्या तरंगांविषयीचा पहिला निबंध १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. १९३५ मध्ये अमेरिकेत गिब्ज, डेव्हिस व लेनक्स यांनी लघु-अपस्माराच्या झटक्यात सेकंदाला सु. ३ वेळा उमटणारे विशिष्ट तरंग दाखविले. झटक्याचे मूळ मेंदूच्या विद्युत् क्रियेत असल्याच्या मतास त्यामुळे प्रत्यक्ष आधार मिळाला.

आलेखनासाठी डोक्याच्या त्वचेवर सु. २० विद्युत् अग्रे बसवितात व त्यांमधील, मायक्रोव्होल्टांत मोजला जाणारा, विभवभेद विवर्धित करतात. मेंदूत विद्युत् प्रवाह सोडला जात नाही. सुप्त दोष व्यक्त व्हावा म्हणून रुग्णास सु. ३ मिनिटे दीर्घ श्वसन करावयास लावतात, लुकलुकता प्रकाश दाखवितात आणि झोपेतही आलेख घेतात.

दोन झटक्यांच्या दरम्यान आलेख प्राकृत असू शकतो. उलट निरोगी व्यक्तीतही क्वचित अपप्राकृत तरंग आढळतात. म्हणून केवळ आलेखावरून निदान करीत नाहीत. झटका प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत फार महत्त्वाची असते.

वेडाशी घातलेली सांगड कायद्यातही दीर्घकाळ टिकली. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या जोडीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक मानले गेले. अपस्माराचा हा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला.