एफ४६ म्हणजे काय? पॅरा-खेळातला हा नंबर सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांवरून ठरत नाही

दिवाळीला जामखेडला घरी गेलो तेव्हा चुलतभावाने मोबाईल पुढे धरला. यूट्यूबवर सचिन खिलारीचा गोळाफेकीचा व्हिडिओ होता. "दादा, हे एफ४६ काय असतं? माझं सर्टिफिकेट ४० टक्क्यांच्या वरचं आहे, मी बसतो का त्यात?" तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. उजव्या हाताने गोळा मात्र तो चांगला लांब टाकतो.

मी सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, कोड वाचणं तर आपलं रोजचंच काम.

कोड तसा सोपा आहे. टी म्हणजे ट्रॅक, म्हणजे धावणं आणि उड्या. एफ म्हणजे फेकीचे प्रकार. पुढच्या दोन अंकांपैकी पहिला साधारणपणे अडचण कुठे आहे ते सांगतो. ११ ते १३ दृष्टी, २० बौद्धिक अक्षमता, तिशीतले नंबर सेरेब्रल पाल्सीसारख्या स्नायूंवरच्या ताब्याच्या अडचणी, ४० आणि ४१ कमी उंची, ४२ ते ४४ पाय, ४५ ते ४७ हात, पन्नाशीतले बसून खेळणारे. ६१ ते ६४ म्हणजे कृत्रिम पाय लावून खेळणारे. (आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात आपल्याकडे जयपूर फूट बनतो, पण तो शेतात, चिखलात चालायला. धावपटू लावतात ती कार्बन फायबरची पाती, म्हणजे ब्लेड, वेगळीच.) एका गटात दुसरा अंक जितका लहान, तितकी अडचण साधारणपणे जास्त.

म्हणजे एफ४६ हा हाताची अडचण असलेल्या फेकपटूंचा गट. सचिन सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. लहानपणी सायकलवरून पडला आणि डावा हात कायमचा अधू झाला. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये त्याने १६.३२ मीटर फेकून रौप्य मिळवलं. सुवर्ण नेलं कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्टने, १६.३८ मीटर. फरक फक्त ६ सेंटिमीटरचा! आणि हा ग्रेग सात फुटांहून उंच. भाऊ म्हणाला, "ही तर चीटिंग झाली." तर नाही. वर्गीकरण फक्त अपंगत्वामुळे पडणारा फरक कमी करतं. उंची, ताकद, सराव यांना ते हात लावत नाही. कुठल्याही खेळात असतं तसंच.

आता खरा मुद्दा. आपलं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड सरकारी सवलतींसाठी असतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बऱ्याच सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे. पॅरालिम्पिकवाले फक्त १० प्रकार धरतात, आणि त्यांचा प्रश्नच वेगळा असतो: या अडचणीमुळे हा खेळ खेळण्यात नेमका किती फरक पडतो? त्यासाठी प्रशिक्षित तपासनीसांचं पॅनेल बसतं. ते ताकद, सांध्यांची हालचाल तपासतं, खेळाच्या हालचाली करून दाखवायला लावतं आणि गरज पडली तर स्पर्धेतही लक्ष ठेवतं. प्रत्येक खेळाची किमान पात्रताही वेगळी. एका खेळात बसणारा दुसऱ्यात बसेलच असं नाही.

एकाच खेळातही नंबर बदलू शकतो. शेजारच्या करमाळा तालुक्यातला सुयश जाधव घ्या. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. तो पोहतो एस७ मध्ये आणि २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलंय. पण ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी असा वेगळा वर्ग असतो, कारण त्या प्रकारात पायांचा जोर जास्त लागतो. कुणाकुणाचे हे दोन नंबर वेगवेगळे निघतात.

पॅनेलचा निर्णय किती जड असतो ते टोकियोत दिसलं. २०२१ मध्ये विनोद कुमारने थाळीफेकीत एफ५२ गटात कांस्य मिळवलं. वर्गाबद्दल हरकत आली, फेरतपासणीत तो पात्र ठरला नाही आणि पदक गेलं.

हे सगळं भावाला सांगताना मी एक ओळ शेवटपर्यंत टाळत होतो. अॅथलेटिक्समध्ये एका हाताचा भाग तुटून गेला असेल तर नियम असा की हात मनगटातून किंवा त्याच्या वर गेलेला पाहिजे, मनगटाची हाडं उरलेली नकोत. नुसती बोटं जाणं पुरत नाही. त्याने जुना एक्स-रे काढून खिडकीपुढे धरला. मनगटाची हाडं सगळी जागेवर.

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "एवढं शाबूत राहिलं म्हणून आई तेव्हा नारळ फोडून आली होती."

पण हा नियम अॅथलेटिक्सचा. पोहण्याचा वेगळा, बॅडमिंटनचा वेगळा. विहिरीत तो लहानपणापासून पोहतो. आता राज्य पातळीवरच्या पॅरा संघटनेकडे वर्गीकरणाची चौकशी करायचं ठरलंय. एक्स-रेचा फोटो आणि डॉक्टरांचे कागद स्कॅन करून ठेवलेत. टक्क्यांचं सर्टिफिकेटही आहे त्यात, पण फाईलमध्ये सगळ्यात शेवटी.