स्वल्पविराम कीं डॅश?

इंग्रजी लिहावयास बसलेला सुशिक्षित मनुष्य शब्दांकरितां कोश उघडतो. विरामचिन्हें मात्र सवयीनें टाकीत जातो. मराठीनें हीं चिन्हें एकोणिसाव्या शतकांत, मेजर कँडी यांच्या पुढाकारानें, इंग्रजीकडूनच घेतलीं. त्यामुळें तीं ओळखीचीं वाटतात आणि त्यांचा विचार करावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. स्वल्पविराम आणि डॅश यांची तर सर्रास अदलाबदल होते. वाक्याच्या ओघांत आलेला खुलासा वेगळा काढून दाखविणें हें दोघांचेंही काम खरें. पण त्यांची योग्यता एक नाहीं.

एक साधें वाक्य घ्यावें : ‘हिज ब्रदर्स, अ डॉक्टर अँड अ लॉयर, केम टु डिनर.’ येथें जेवावयास दोघे भाऊ आले. एक डॉक्टर, दुसरा वकील. आतां ‘लॉयर’ या शब्दापुढील स्वल्पविराम अनवधानानें गळला, कीं पंगत वाढते : भाऊ, शिवाय एक डॉक्टर, शिवाय एक वकील! पानें किती मांडावयाचीं हें एवढ्याशा चिन्हावर ठरतें. कारण यादींतील नांवें वेगळीं करण्याचें कामही स्वल्पविरामाकडेच असतें. त्याच खुलाशाच्या दोहों बाजूंस डॅश घातले, तर शंकेस जागा उरत नाहीं. म्हणून ज्या खुलाशांत स्वतःचेच स्वल्पविराम किंवा यादी असेल, तेथें डॅश घालावे; खुलासा लहान व वाक्याशीं एकजीव असेल, तेथें स्वल्पविरामच शोभतो.

अर्थाप्रमाणें स्वरही बदलतो. स्वल्पविराम म्हणजे चालतां चालतां घेतलेला श्वास; डॅश म्हणजे एकदम थबकणें. या थबकण्याची किंमत अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिच्या उदाहरणावरून कळते. १८८६ सालीं ती वारली, तेव्हां तिच्या हस्तलिखितांत जागोजाग डॅश होते. १८९० सालीं पहिला संग्रह छापतांना संपादकांनीं त्यांपैकीं पुष्कळ काढून स्वल्पविरामादि रूढ चिन्हें घातलीं. १९५५ सालीं थॉमस जॉन्सन यांनीं हस्तलिखितांबरहुकूम आवृत्ति काढली, तेव्हां कोठें तिचा मूळचा अडखळता स्वर सर्व वाचकांच्या कानीं पडला.

अर्थात् प्रत्येकाची लेखणी डिकिन्सनची नव्हे. पत्रांत वा अर्जांत ओळीओळीस डॅश दिले, तर वाचक कोठेंच थांबत नाहीं. वाक्य मोठ्यानें वाचून पाहावें : आवाज न अडतां पुढें गेला तर स्वल्पविराम, मुद्दाम थांबावेंसें वाटलें तर डॅश. मात्र वाक्याच्या मध्यें उघडलेला खुलासा ज्या चिन्हानें उघडला, त्याच चिन्हानें मिटावा.