पाप कोणाचं, बरगड्या कोणाच्या?

किडकिडीत, लुकडा, हडकुळा, काडीपैलवान... बारीक माणसाला चिडवताना मराठीने शब्दांची काटकसर कधीच केली नाही. पण या सगळ्यांत वरचढ ‘पाप्याचं पितर’. दोन शब्दांत अख्खं श्राद्धप्रकरण!

हिशेब असा: पितरांचं पोट भरायचं ते वंशजांनी दिलेल्या पिंडावर आणि तिळपाण्यावर. वंशज पापी निघाला, श्राद्धपक्ष बुडवू लागला, की वर उपासमार सुरू. म्हणजे ज्याला आपण हे म्हणतो तो बिचारा निर्दोष. पापी त्याची नातवंडं! आजीने ‘अगदी पाप्याचं पितर झालायस रे’ म्हटलं, की नीट पाहता ते बोलणं न जन्मलेल्या पोराटोरांना बसतं.

महाभारताच्या आदिपर्वात अशी पितरं चक्क भेटतात. जरत्कारू नावाच्या ब्रह्मचारी तपस्व्याला एका खड्ड्यात काही खंगलेले जीव उलटे लटकलेले दिसले. आधार वाळ्याच्या गवताचा, आणि त्याची मुळंही उंदीर कुरतडतोय. चौकशी केली तर निघाले याचेच पूर्वज! पाप काय, तर पठ्ठ्याने लग्न केलं नव्हतं. तो तयार झाला, पण अट घातली: मुलगी माझ्याच नावाची हवी. नागराज वासुकीची बहीण जरत्कारू मिळाली आणि सुटला सगळा गुंता. जनमेजयाचं सर्पसत्र थांबवणारा आस्तीक तो यांचाच मुलगा.

‘रोड’ हा जुना शब्द मात्र माणसांवरून उठून गर्दीवर जाऊन बसला. हल्ली माणूस बारीक होतो. रोडावते ती प्रेक्षकांची संख्या.

संस्कृतातला कृशपणा जरा नखरेल. ‘मेघदूता’तल्या यक्षाचं वजन किती घटलं हे कालिदास सांगत बसत नाही, मनगटावरचं सोन्याचं कडंच गळून पडतं. विरहाचे जेमतेम आठ महिने झालेत, आणि मुक्काम रामगिरीवर, म्हणजे बहुतेकांच्या मते आपल्या रामटेकला.

पाणिनीने नटसूत्रांच्या संदर्भात एका कृशाश्वाचा उल्लेख केला आहे. कृशाश्व म्हणजे ज्याचे घोडे रोडके तो. हेच नाव इराणच्या अवेस्तात ‘करसास्प’ होऊन येतं, आणि तिथे तो भलताच वीर आहे. शिंगं असलेल्या विषारी सर्पाच्या पाठीवर त्याने लोखंडी भांडं ठेवून जेवण रांधायला घेतलं. चटका बसताच सर्प उसळला, भांडं उलटलं, आणि घाबरून पळाला तो हा वीरच. सर्पाला त्याने मारलं खरं. त्या दिवशीचं जेवण मात्र गेलं.