'गो'चे 'गोड' का होत नाही?

इंग्रजी क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता तुम्ही पाठ केलाच असेल. गो, वेन्ट, गॉन. सी, सॉ, सीन. टेक, टुक, टेकन. पाठ करता करता एक प्रश्नही मनात येऊन गेला असेल. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, 'प्ले'चे 'प्लेड' होते, मग 'गो'चे 'गोड' का होत नाही? शेवटी 'एड' जोडले की झाला भूतकाळ, असा सुटसुटीत नियम हाताशी असताना हे अपवाद हवेत कशाला?

या प्रश्नाला बहुधा असे उत्तर मिळते : "भाषेला कारण विचारू नये, पाठ करावे." पण कारण विचारायला काहीच हरकत नाही. अपवाद कोणते टिकतात यालाही एक नियम आहे. तो आकड्यांत मांडता येतो, आणि त्याचे गणित किरणोत्सर्गाच्या गणिताशी नाते सांगते. ते कसे, हे पाहू या.

आधी मोजणी

पदार्थविज्ञानात कोणत्याही प्रश्नाची सुरुवात मोजण्यापासून होते. भाषेतही तसेच करता येते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात अशी एक मोजणी झाली. १९६१ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या निरनिराळ्या मजकुरांतून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे निवडले आणि ते संगणकात भरले. एकूण शब्द झाले सुमारे दहा लाख. त्यात एकटा 'द' हा शब्दच दर शंभरात जवळजवळ सात वेळा आला!

अशा मोजण्यांवरून इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदे कोणती ते कळते. पहिली दहा अशी : बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी आणि गेट. आता यांचे भूतकाळ आठवा. वॉज, हॅड, डिड, सेड, मेड, वेन्ट... दहाच्या दहा अपवाद!

इंग्रजीतील सगळी क्रियापदे घेतली तर त्यांत अपवादात्मक क्रियापदे शंभरात तीनसुद्धा नाहीत. डोळे मिटून दहा क्रियापदे उचलली, तर दहाही अपवादात्मक निघण्याची शक्यता किती? ०.०३ हा अंक दहा वेळा घेऊन गुणाकार करा. दशांश चिन्हापुढे पंधरा शून्ये येतील आणि मग कुठे पहिला अंक दिसेल. म्हणजे हा योगायोग नव्हे. जास्त वापर आणि अपवाद यांचा काहीतरी संबंध असलाच पाहिजे.

मूल नियम शोधते

हा संबंध समजण्यासाठी लहान मुलांकडे जाऊ. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांवर एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. तिने काही निरर्थक शब्द बनवले. एका चित्रात एक माणूस काहीतरी विचित्र हालचाल करतो आहे. मुलाला सांगायचे, "या माणसाला 'रिक' करता येते. कालही त्याने हेच केले. मग काल त्याने काय केले?" मुले सांगत, "रिक्ट!" म्हणजे 'रिक'ला 'एड' जोडून तयार झालेले रूप, अगदी अचूक उच्चारासह. हा शब्द त्या मुलांच्या ओळखीचा नव्हता. तेव्हा तो ऐकून पाठ केलेला असणे शक्यच नाही. मुलांच्या मनात नियम तयार झालेला होता.

इंग्रजी घरातील मूल प्रथम मोठ्यांचे ऐकून 'वेन्ट' म्हणते. पुढे त्याला 'एड'चा नियम उमगतो आणि तेच मूल 'गोड' म्हणू लागते. घरच्यांना वाटते, पोर बिघडले. खरे तर ते एक पायरी वर चढलेले असते. पुढे 'वेन्ट' पुन्हा पुन्हा कानावर पडते आणि नियमावर मात करून मनात पक्के बसते.

आता उत्तर जवळ आले. नियम एकदा कळला की हजारो क्रियापदांना पुरतो. अपवाद मात्र ज्याचा त्याला वेगळा लक्षात ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तो वारंवार कानावर पडावा लागतो. 'वेन्ट' दिवसातून अनेकदा ऐकू येते. जे क्रियापद वर्षातून दोनदाच ऐकू येईल, त्याचे जुने रूप पुढच्या पिढीला आठवणार कसे? ती पिढी सरळ 'एड' जोडून मोकळी होते. रोजच्या वापरातल्या विळ्याला गंज चढत नाही. माळ्यावर टाकलेल्याला चढतो. तसेच हे.

शब्दांचे अर्धायुष्य

असे खरोखर घडले आहे का? जुन्या इंग्रजीत 'हेल्प'चा भूतकाळ आतील स्वर बदलून होत असे. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलातही 'होल्पन' हे जुने रूप सापडते. आज सगळे 'हेल्प्ड' म्हणतात. 'क्लाइम्ब', 'बेक', 'लाफ', 'स्टेप' यांचीही जुनी रूपे अशीच गेली आणि ती 'एड'च्या पंगतीत येऊन बसली.

२००७ साली हार्वर्ड विद्यापीठातील एरेझ लीबरमन, झाँ-बातिस्त मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब 'नेचर' या नियतकालिकात मांडला. इ. स. ८०० च्या सुमाराची १७७ अपवादात्मक क्रियापदे त्यांनी घेतली. इ. स. १२०० च्या सुमारास त्यांपैकी १४५ अपवाद उरले होते. आज उरले आहेत ९८.

या आकड्यांवर तुम्हीही एक गणित करा. पहिल्या चारशे वर्षांत १७७ चे १४५ झाले, म्हणजे सुमारे ०.८२ भाग उरला. हाच वेग राहिला तर पुढच्या आठशे वर्षांत किती उरतील? ०.८२ ला ०.८२ ने गुणले की ०.६७ येतात, १४५ ला ०.६७ ने गुणले की ९७. प्रत्यक्षात ९८ उरले आहेत!

किरणोत्सर्गी पदार्थही असाच घटतो. आयोडीन-१३१ चा साठा सुमारे आठ दिवसांनी निम्मा होतो आणि आणखी आठ दिवसांनी निम्म्याचा निम्मा. या कालावधीला अर्धायुष्य म्हणतात. मात्र क्रियापदांचा साठा एकाच पदार्थाचा नाही. तो वेगवेगळ्या अर्धायुष्यांच्या पदार्थांचे मिश्रण आहे, म्हणून वरच्या मेळावर फार विसंबू नये. प्रत्येकाचे अर्धायुष्य कशावर ठरते, हाच या संशोधनातला खरा शोध. ते वापराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. एखादे क्रियापद दुसऱ्याच्या शंभराव्या भागाइतकेच वापरले जात असेल, तर ते दहापट वेगाने नियमात येते.

अणूंशी आणखी एक साम्य आहे. कोणता अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही; समूहाचे मात्र सांगता येते. क्रियापदांचेही तसेच. एखादे तर उलटही वागते. 'डाइव्ह'चा नियमित भूतकाळ 'डाइव्ड' असा आहे, पण अमेरिकेत 'ड्राइव्ह–ड्रोव्ह'च्या चालीवर 'डोव्ह' म्हणणारे पुष्कळ आहेत.

आपल्या मराठीचे काय?

हस–हसला, धाव–धावला, उठ–उठला हा आपला सरळ नियम. मग जा–गेला, ये–आला, कर–केला, हो–झाला, दे–दिला, घे–घेतला, खा–खाल्ला हे कोण? आपली रोजची, घडोघडी लागणारी क्रियापदे! आणि घरातले तीन वर्षांचे मूल "मी करलं" म्हणते तेव्हा तेही बर्कोच्या मुलांसारखाच नियम लावत असते.

तेव्हा वर्गात एखाद्या मुलाने 'गोड' किंवा 'कमड' असे लिहिले, तर इतरांनी हसू नये. त्याला नियम समजला आहे. ऐकणे आणि वाचणे तेवढे कमी पडले आहे. शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते : तीन रूपांचा तक्ता वर्णानुक्रमाने पाठ करून घेण्यापेक्षा वापराच्या क्रमाने द्यावा. वर सांगितलेली पहिली दहा क्रियापदे पक्की झाली की रोजच्या इंग्रजीचा मोठा भाग हाती येतो.

करून पाहा

मराठी वर्तमानपत्रातील एक बातमी घ्या. तीतील भूतकाळी क्रियापदे एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक किती वेळा आले ते मोजा. नियमित क्रियापदांवर 'नि' आणि अपवादांवर 'अ' अशी खूण करा. दहा मित्रांनी दहा बातम्या वाटून घेतल्या तर उत्तमच. यादीच्या माथ्यावर 'अ' जास्त येतात की 'नि'? आणि तळाशी? आलेख काढून वर्गाच्या भिंतीवर लावा.